अस्थिर संगणकाची तहकीकात

रामनवमीच्या आदल्या रात्री जळगावात, माझ्या भाच्याच्या घरी, गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत एका लग्नाची चित्रफीत संगणकावर सिद्ध होत असताना ऐन मंगलाष्टकांमध्ये एक चौकट संपूर्ण हिरवी उमटली. आणि त्यानंतर चाळीस मिनिटांनी पडदा निळा होऊन यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले. भाच्याला दुःख झाले ते निळ्या पडद्याचे. मला भय वाटले ते त्या हिरव्या चौकटीचे; कारण यंत्र बंद पडते तेव्हा निदान ते आपली असमर्थता कबूल करते, पण हिशेब चुकवूनही ते मुकाट्याने चालत राहते तेव्हा त्याच्या दप्तरातील किती कागद खोटे झाले आहेत, याचा मालकाला थांगपत्ता लागत नाही.

हा संगणक त्याने मार्गशीर्षात स्वतःच्या हातांनी जुळवला होता. लग्नसराईत चित्रण करायचे आणि रात्री जागून त्याची जुळणी करून द्यायची, हा त्याचा व्यवसाय. त्यात वेग म्हणजे मिळकत. बाजारचा तयार संगणक घेण्याऐवजी सुटे भाग पारखून घ्यावेत आणि असेंबल केलेले यंत्र बाळगावे, ही रीत आता जळगावसारख्या जिल्ह्याच्या गावीही चांगली रुळली आहे, आणि गोलाणी मार्केटाच्या जिन्यांतून खांद्यावर कॅबिनेट घेऊन उतरणारी तरुण मुले हे तेथील नित्याचे दृश्य आहे. (आपल्याकडे त्या सबंध पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणण्याचा प्रघात आहे, प्रस्तुत लेखात मात्र प्रोसेसर म्हणजे त्या पेटीतील मदरबोर्डावर बसवलेली, काडेपेटीहून लहान अशी ती चौकोनी चकतीच समजावी.) भाच्याने घेतलेला प्रोसेसर सहा कोरांचा आणि ‘अनलॉक्ड’, म्हणजे ज्याचा गुणक (मूळ ठोक्याला ज्या आकड्याने गुणून वेग ठरतो तो) मालकाला बदलता येतो अशा जातीचा होता. कारखान्याने सर्व कोरांसाठी नेमून दिलेला वेग ४.३ गिगाहर्ट्झ, भाच्याने बायोसमध्ये जाऊन गुणक ४३ वरून ४९ केला, विद्युद्दाब वाढवून १.३० व्होल्ट केला, आणि पौष-माघाच्या थंडीत ते यंत्र रात्र-रात्र निर्वेधपणे चालले.

यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि हा काही आजचा उद्योग नव्हे. १९९८ साली इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ नावाचा स्वस्त प्रोसेसर बाजारात आला. त्याची चाल ६६ मेगाहर्ट्झच्या बसला, म्हणजे मूळ ठोक्याला, साडेचाराने गुणून ३०० वर ठरवलेली होती. ज्यांनी बस १०० वर नेली त्यांच्या हाती गुणकाला हात न लावता ४५० मेगाहर्ट्झचे यंत्र पडले, आणि गरिबाच्या किमतीत श्रीमंताचा वेग मिळतो ही वार्ता जगभरच्या हौशी मंडळींत पसरली. कारखानदार आपल्या मालाला जी मर्यादा घालून देतो ती सर्वांत दुबळ्या नगालाही सोसवेल अशी असते, म्हणून बहुतेक नगांत थोडे सामर्थ्य शिल्लक राहते. ते शिल्लक सामर्थ्य वापरण्यात गैर काहीच नाही, आणि ज्याने आपल्या कष्टाच्या पैशाने यंत्र घेतले त्याने ते पुरेपूर वापरू नये, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझे म्हणणे इतकेच की, ते शिल्लक सामर्थ्य किती आहे हे ठरवण्याची जबाबदारी कारखान्याने ज्या क्षणी सोडली त्या क्षणी ती आपल्या शिरावर आली, आणि खानदेशात राहणाऱ्या माणसाने ती पार पाडताना पंचांगाकडे पाहिले पाहिजे.

असे का, हे समजण्यासाठी प्रोसेसरच्या अंतरंगात थोडे डोकावणे अवश्य आहे. ४.९ गिगाहर्ट्झ म्हणजे एका सेकंदात ४९० कोटी ठोके. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत जो अवधी मिळतो त्यात प्रकाशसुद्धा जेमतेम सहा सेंटिमीटर जाऊ शकतो. तेवढ्या निमिषांशात विजेच्या संकेताने ट्रान्झिस्टरांच्या रांगेतून पार होऊन मुक्कामी पोहोचले पाहिजे. न पोहोचला तर पुढचा ठोका पडताना तेथे जुनेच अक्षर वाचले जाते, एकाच्या जागी शून्य धरले जाते, आणि तेथून पुढचा हिशेब बिघडतो. विद्युद्दाब वाढवला की ट्रान्झिस्टर चपळ होतात, हे खरे. पण उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. भाच्याच्या यंत्राचा मूळचा दाब भाराखाली १.१५ व्होल्टच्या आसपास होता. तो बायोसमध्ये १.३० केला आणि गुणक ४९ केला, म्हणजे वेगात शेकडा चौदांचा लाभ झाला आणि, तेवढा दाब भाराखाली टिकला असे धरले तर, उष्णतेत सुमारे पंचेचाळीस टक्क्यांचा भार पडला. पुन्हा तापलेले सिलिकॉन स्वतःच मंद होते, त्यातून विजेची गळती वाढते, गळतीने ते अधिक तापते, आणि जी चपळाई आपण दाब वाढवून विकत घेतली तिचा काही भाग उष्णता परत घेऊन जाते.

आता यात जळगावचे हवामान घातले पाहिजे. वाऱ्यावर थंड होणारा प्रोसेसर हा खोलीच्या हवेपेक्षा अमुक अंश वर राहतो, त्याहून खाली तो कोणत्याही पंख्याने येत नाही. जानेवारीच्या पहाटे भाच्याच्या खोलीत १८ अंश असत आणि पूर्ण भाराखाली प्रोसेसर ७६ अंशांवर स्थिर असे. चैत्राच्या दुपारी तीच खोली ३८ अंशांवर गेली, आणि प्रोसेसर ९७ वर जाऊन १०० च्या उंबरठ्याशी थडकू लागला, जेथे तो स्वसंरक्षणार्थ आपण होऊन वेग उतरवतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात वैशाखात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, यात नवल मानण्याची कोणाची प्रथा नाही. थंड मुलखात बसून लिहिलेली ओव्हरक्लॉकिंगची आकडेवारी आपल्याकडे जशीच्या तशी उतरवणे, म्हणजे कोकणातील पेरणीचे वेळापत्रक रावेरच्या केळीला लावण्यासारखे आहे.

पण उन्हाळा हाच एकटा गुन्हेगार, असे मानून आम्ही थांबलो असतो तर फसलो असतो. भाचा मला म्हणाला, “मामा, चार महिने काही झालं नाही. एका दुकानात दाखवलं, त्यांनी एसएमपीएस बदलून दिला, तरी तेच.” त्या दुकानाचे नाव येथे प्रयोजनाचे नाही, चूक समजण्यासारखी होती, आणि ती कशी झाली हेच महत्त्वाचे आहे.

खानदेशाला तहकीकातीची एक थोर परंपरा लाभलेली आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात त्यांचा दप्तरसंभार आजही सांभाळते. बखरी या ऐकीव आणि मागाहून रचलेल्या, म्हणून दुय्यम. खरा पुरावा त्या-त्या वेळी लिहिलेल्या अस्सल कागदांचा, हा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी ते गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळीत. “चार महिने काही झालं नाही” ही भाच्याची जबानी म्हणजे बखर होती. अस्सल कागद यंत्राच्या पोटातच पडून होते, आणि ते कोणी उघडून पाहिले नव्हते.

विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाचा रोजनामा असतो. तो उघडला तेव्हा प्रत्येक अपघातापाशी ‘कर्नेल-पॉवर, क्रमांक ४१’ अशी ठळक नोंद आढळली. तिच्यातील ‘पॉवर’ हा शब्द वाचून वीजपुरवठ्याचा भाग, म्हणजे एसएमपीएस, बदलण्याकडे बुद्धी जाते. परंतु ती नोंद एवढेच सांगते की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. तो मृत्यूचा दाखला आहे, मृत्यूचे कारण नव्हे. कारण दुसऱ्या नोंदींत होते. ‘व्हिया-लॉगर’ या नावाखाली क्रमांक १९ च्या कित्येक ओळी होत्या: प्रोसेसरच्या आत चूक घडली, ती पकडली गेली, दुरुस्तही झाली. आणि यांतील पहिली ओळ फेब्रुवारीच्या अखेरीची होती! म्हणजे ज्या काळाला भाचा निर्वेध म्हणत होता त्याच्या उत्तरार्धात यंत्र ठेचकाळत होते, स्वतःला सावरत होते आणि तसे लिहून ठेवत होते. एप्रिलमध्ये क्रमांक १८ उगवला. ती दुरुस्त न झालेल्या, प्राणघातक चुकीची नोंद. परंतु या दोहोंमध्ये आणखी एक जातीचे निळे पडदे होते, त्यांवर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे लिहिलेले होते, आणि त्यांतील पहिल्याची तारीख मार्चची होती. भाच्याला विचारले, मार्चमध्ये काय केलेस? त्याने थोडे आठवून सांगितले की दोन रॅमच्या पट्ट्या होत्या, त्यांत आणखी दोन घातल्या.

येथे मला चाळीसगाव तालुक्यातील पाटणे गावाचे स्मरण झाले. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला, आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला, हे त्यावरून कळले. भास्कराचार्यांच्या, ११५० साली पूर्ण झालेल्या सिद्धान्तशिरोमणीचा भाग असलेल्या लीलावतीत व्यस्तविधी सांगितला आहे: दृश्य, म्हणजे हाती आलेले उत्तर, धरून उलट चालायचे, जेथे गुणले तेथे भागायचे, जेथे मिळवले तेथे वजा करायचे, जेथे वर्ग केला तेथे मूळ काढायचे, आणि अशा रीतीने अज्ञात राशीपर्यंत पोहोचायचे. बिघडलेल्या यंत्रावर चालणारा याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही. जे-जे मिळवले ते-ते उलट क्रमाने वजा करा, आणि एका वेळी एकच.

म्हणून प्रथम सर्व बदल रद्द करून बायोस कारखान्याच्या मूळ अवस्थेत आणला, आणि यंत्र दोन दिवस भाराखाली ठेवले. एकही चूक नाही. या एका पायरीने अर्धा संशय फिटला. मूळ अवस्थेतही ते पडले असते तर दोष एखाद्या भागात होता, ओव्हरक्लॉकिंगचा नव्हे, आणि पुढची सारी मेहनत व्यर्थ गेली असती. पुष्कळ लोक हीच पायरी वगळतात, कारण मिळवलेला वेग तात्पुरताही सोडण्याचा धीर होत नाही.

दुसऱ्या फेरीत प्रोसेसर मूळ वेगावर ठेवून केवळ मेमरीचा ‘एक्सएमपी’ (पट्टीवर छापलेला वेग लागू करणारी सोय) चालू केला. पट्टीवर ३६०० असे छापलेले असते म्हणून तो तिचा नैसर्गिक वेग, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः डीडीआर४ ची पट्टी सामान्यतः २१३३ ते २६६६ च्या वेगावर जागी होते, आणि ३६०० हा स्वतंत्र ओव्हरक्लॉकच असतो, ज्याचा भार प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रकावर पडतो. दोन पट्ट्यांना तो तोलत होता. चार झाल्यावर त्याला ते ओझे पेलेना. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट चालवली, आणि दुसऱ्या फेऱ्यातच लाल ओळी उमटल्या. मंगलाष्टकांतील हिरवी चौकट बहुधा येथलीच. वेग ३२०० वर आणला; रात्रभर चार फेरे झाले, एकही चूक नाही.

तिसऱ्या फेरीत मेमरी मूळ वेगावर आणि प्रोसेसर ४.९ वर. यासाठी प्राइम९५ वापरला. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली मर्सेन जातीच्या अतिविशाल मूळ संख्या शोधण्याचा सामुदायिक उपक्रम आरंभिला, त्यासाठी लिहिलेली ही प्रणाली. कोट्यवधी अंकांचे गुणाकार करताना एकही अंक चुकणे तिला परवडत नाही, म्हणून ती क्षणोक्षणी स्वतःची खातरजमा करते. ज्या उत्तरांनी पूर्णांकाशी अगदी जवळ असावयास हवे ती ०.४ हून दूर गेली की ती कोर थांबवते आणि तसे जाहीर करते. पहाटे पाच वाजता तिने तीन तास निमूट काम केले. दुपारी तीन वाजता, तोच वेग, तोच दाब असताना, अडतीसाव्या मिनिटाला चौथा कोर थांबला. पडद्यावर ‘राउंडिंग ०.५’ अशी नोंद होती. निळा पडदा नाही, आवाज नाही, पंख्यात फरक नाही. ही प्रणाली पाहत नसती तर ते चुकलेले उत्तर तसेच पुढे गेले असते.

गुन्हेगार दोन निघाले. एकाला पकडावे तर दुसरा यंत्र पाडी, आणि पहिला निर्दोष ठरे. एसएमपीएस बदलणाऱ्याला काहीच हाती लागले नाही, याचे कारण हे.

दाबाचा प्रश्न मात्र आम्हा दोघांना उलगडेना, म्हणून पेटी गोलाणी मार्केटात एका कारागिराकडे नेली. पारोळ्याकडचा, मितभाषी गृहस्थ. झाकण काढताच तो म्हणाला, “भाऊ, मशीन तपेल शे,” आणि प्रथम ब्लोअर मारला. पंख्याच्या पात्यांमागून काळ्या मातीची बारीक धूळ आणि कापसाचे तंतू निघाले, आणि ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांवर क्षारांचा पांढरा थर दिसला. त्याने विचारले, कूलर याच्या तोंडावर लावता का? भाच्याने मान डोलावली. वैशाखाच्या कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर माणसाला अमृतासारखा, आणि खोलीचे तापमान उतरवतो म्हणून यंत्रालाही परोक्षतः हितकर. पण झाकण उघडून त्याचा झोत सरळ आत सोडला तर बोअरच्या जड पाण्याचे तुषार क्षार मागे ठेवतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर, जेव्हा कूलर थंडावा कमी आणि दमटपणा जास्त देतो, तेव्हा तर त्यापासून अपायच अधिक. थर खरवडून, नवी थर्मल पेस्ट लावून त्याने कूलर खिडकीपाशी आणि पेटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवण्याची ताकीद दिली. नुसत्या सफाईने सात अंश उतरले.

मग दाब. बायोसमध्ये १.३० लिहिले असले तरी भार पडताच तो मोजणीत १.२४ पर्यंत खचत होता. कारागिराने हे एका वाक्यात समजावले: “एकाच डीपीवर दहा मोटारी चालू झाल्या, की घरातला बल्ब मंद होतो ना, तसं.” शेतशिवारात राहिलेल्या माणसाला याहून अधिक विवरण नको. सहाही कोर एकदम ओढू लागले की दाब खाली येतो. ही उतरण बांधून देणारी ‘लोड-लाइन कॅलिब्रेशन’ नावाची सोय मदरबोर्डात असते. ती अगदी वरच्या पायरीवर नेली तर भार उतरताच दाब उसळून अपेक्षेबाहेर वर जातो, म्हणून त्याने मधली पायरी निवडली. भाच्याला दाब १.३८ करून ४.९ टिकवायचा होता. कारागिराने मान हलवली, आणि मीही त्याच्याच बाजूने उभा राहिलो.

याचे कारण २०२४ चे एक उदाहरण. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील मोठे प्रोसेसर जगभर अस्थिर होऊ लागले, आणि पुष्कळांनी तर ओव्हरक्लॉकिंग केलेलेही नव्हते. कंपनीने पुढे जाहीर केलेली कारणमीमांसा अशी की प्रोसेसर गरजेहून अधिक दाब मागून घेत होते, आणि वाढीव दाब व उष्णता यांमुळे आतील घड्याळाच्या मंडलाची अकाली झीज होऊन त्यांना स्थिर राहण्यासाठी लागणारा किमान दाबच वर सरकत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड आला, हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवण्यात आली. पण जे प्रोसेसर झिजले होते ते मायक्रोकोडने पूर्ववत झाले नाहीत. दाब हे असे कर्ज आहे, आणि बायोसच्या कोणत्याही पानावर त्याचे व्याज लिहिलेले नसते. ज्याने ते स्वतः होऊन काढले त्याला बहुधा हमीही नाही, कारण ओव्हरक्लॉकिंगने झालेली हानी उत्पादक सामान्यतः हमीत धरत नाहीत.

अखेर तडजोड ठरली ती ४.७ वर, भाराखाली १.२४ व्होल्ट. मूळ वेगाहून शेकडा नऊ जास्त, उष्णता सुमारे सत्तावीस टक्के जास्त. भाच्याचा चेहरा थोडा उतरला. चित्रफितीमागे काही मिनिटेच अधिक लागणार होती, पण ४.९ हा आकडा त्याच्या अभिमानाचा झाला होता. त्या अभिमानाला मी क्षुद्र म्हणणार नाही. स्वतःच्या हातांनी यंत्र जुळवणाऱ्या, बायोसचे पान उघडून आत काय चालते हे पाहू इच्छिणाऱ्या मुलांची आपल्या भागाला गरज आहे, आणि जिज्ञासा नेहमी मर्यादा ओलांडूनच मर्यादा शिकते. फक्त त्या शिक्षणाचा खर्च दुसऱ्याच्या लग्नाच्या चित्रफितीवर पडू नये.

यासाठी त्याने आता एक वही घातली आहे. एका ओळीत तारीख, वेळ, खोलीचे तापमान, वेग, दाब, प्रोसेसरचे कमाल तापमान, चाचणीचा अवधी आणि निकाल. चित्रणाच्या मूळ फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवल्यावाचून तो कोणतीही नवी चाचणी घेत नाही, आणि चाचणी दुपारीच घेतो. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर येथे ज्यांनी हिवाळ्यात यंत्र जुळवून त्याचा वेग वाढवला असेल, त्यांनी माघातील निकालावर विसंबू नये आणि एकदा वैशाखाच्या दुपारी खिडकी बंद न करता हीच परीक्षा घ्यावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

त्याच्या वहीतील २४ मेची ओळ अशी आहे: दुपारी २.३० ते ६.३०, खोली ३९ अंश, ४.७ गिगाहर्ट्झ, १.२४ व्होल्ट, मेमरी ३२००. प्रोसेसर कमाल ८८ अंश. प्राइम९५ चार तास, चूक नाही. रोजनाम्यात क्रमांक १८ व १९ ची नोंद नाही.